लोभ, विस्मृती आणि वारसा : ‘गिधाडे’ व ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : लोभ, स्मृतिभ्रंश, मिळकत, वारसा, कुटुंबसंस्था, मराठी नाटक

प्रस्तावना

भारतीय नीतिविचाराने मानलेल्या षड्रिपूंमध्ये लोभाचे स्थान काहीसे वेगळे आहे. काम आणि क्रोध हे विकार उफाळून येतात, देहावर उमटतात, इतरांना ओळखू येतात आणि बहुधा ओसरतातही. लोभाचे तसे नाही. तो शांतपणे बसून हिशोब करू शकतो. काटकसर, दूरदृष्टी, घराण्याची प्रतिष्ठा, मुलाबाळांची काळजी अशा सभ्य नावांनी तो आयुष्यभर वावरू शकतो आणि ज्याच्या मनात तो वसतो त्यालाच त्याचा पत्ता लागत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात युधिष्ठिर पापाचे अधिष्ठान कोणते असे विचारतो, तेव्हा भीष्म लोभाचे नाव घेतात. हे उत्तर एका कुळातील वाटणीवरून झालेल्या संहारानंतर, त्या कुळाच्या शरपंजरी पडलेल्या वृद्धाच्या तोंडून येते, ही गोष्ट त्या उत्तराइतकीच महत्त्वाची आहे. लोभाची चर्चा आपल्या परंपरेत प्रथमपासूनच घराच्या उंबरठ्याआत चालत आली आहे.

मराठी नाटक हे तर मुख्यतः घराचे नाटक. त्यातील दिवाणखाने, माजघरे आणि अंगणे यांत मिळकतीचा प्रश्न वारंवार उपस्थित झालेला दिसतो. असे असूनही लोभ ही संकल्पना मराठी नाट्यसमीक्षेने फारशी गंभीरपणे हाताळलेली नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ची चर्चा प्रामुख्याने हिंसा, श्लीलाश्लीलता आणि परिनिरीक्षण यांच्या अंगाने झाली, महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ची चर्चा सरंजामी व्यवस्थेचा ऱ्हास, एकत्र कुटुंबाचे विघटन या चौकटीत झाली. या दोन्ही चर्चा आवश्यकच होत्या. परंतु लोभ हा विषय जणू कीर्तनकारांचा किंवा बालबोध कथांचा, त्यात समीक्षेने पाहावे असे काही नाही, असा एक अव्यक्त समज त्यामागे असावा. प्रस्तुत निबंधात या समजाला छेद देण्याचा प्रयत्न आहे. ही दोन नाटके एकत्र वाचली असता लोभाने माणसाचे नेमके काय नष्ट होते, या जुन्या प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे मिळतात, आणि त्यांतील दुसरे उत्तर परंपरेने दिलेल्या उत्तराच्याही पुढे जाते, असे येथे मांडावयाचे आहे.

लोभाची परंपरागत मीमांसा

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध आणि लोभ यांना नरकाची तीन द्वारे म्हटले आहे. नरकाची कल्पना बाजूला ठेवली तरी त्याच ठिकाणी आलेला दुसरा विचार बाजूला ठेवता येत नाही. ही द्वारे माणसाच्या स्वतःचाच नाश करणारी आहेत, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे लोभाचा पहिला बळी ज्याचे धन लुबाडले जाते तो नसून जो लुबाडतो तो आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त याच अध्यायाच्या विवरणात आसुरी संपत्तीचा विस्तार ज्या बारकाईने केला आहे, तो पाहता ज्ञानदेवांना या विकारांच्या मानसशास्त्रात किती रस होता हे ध्यानी येते.

याच्या जोडीला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील पतनाची साखळी लक्षात घ्यावी लागते. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश असा तो क्रम आहे. या साखळीतील ‘स्मृतिभ्रंश’ हा दुवा विशेष विचारार्ह आहे. येथे स्मृती म्हणजे केवळ आठवण नव्हे. आपण कोण आहोत, समोरचा आपला कोण लागतो आणि त्याच्याशी कसे वागावयाचे असते, याचे भान म्हणजे स्मृती. हे भान गेले की बुद्धी चालते, परंतु ती केवळ हिशोबापुरती चालते. आध्यात्मिक हानी असे जिला म्हणतात ती हीच. ती समजून घेण्यासाठी वाचक आस्तिक असलाच पाहिजे असे नाही. तेंडुलकर आणि एलकुंचवार यांच्या नाटकांत ईश्वर मध्यस्थी करीत नाही, पापाचे माप कोणी मोजत नाही, तरीही ही हानी रंगमंचावर डोळ्यांसमोर घडते.

‘शारदा’ : लोभाचे एकवचन

या दोन नाटकांकडे वळण्यापूर्वी एका पूर्वसूरीचा उल्लेख अपरिहार्य आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यातील कांचनभट द्रव्यासाठी आपल्या कोवळ्या मुलीला भुजंगनाथ या वृद्धाच्या गळ्यात बांधावयास निघतो. जरठकुमारी विवाहाच्या अनिष्ट प्रथेवरील नाटक म्हणून ‘शारदा’चे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. लोभाच्या दृष्टीने पाहता मात्र त्यात एक सोय दिसते. लोभ हा तेथे एका माणसाचा दुर्गुण आहे आणि त्या माणसाच्या नावातच तो लिहून ठेवलेला आहे. शारदेची आई त्या लोभात सामील नाही, कोदंड तर उघडपणे त्याच्या विरोधात उभा आहे. लग्न मोडते तेही सगोत्रतेचा मुद्दा पुढे आल्यामुळे. कांचनभटाला पश्चात्ताप होण्याची नाटकाच्या उलगड्याला फारशी गरज पडत नाही. लोभ घरात शिरलेला उपरा आहे, त्याला हाकलले की घर पुन्हा घर होते, असा विश्वास त्या काळाला होता आणि देवलांच्या प्रसन्न लेखणीला तो शोभूनही दिसतो. त्यानंतर सात दशकांनी आलेल्या ‘गिधाडे’त हा विश्वास उरलेला नाही. कांचनभटाच्या जागी आता हरी पितळे आहे. सोन्याचे पितळ झाले हा निव्वळ योगायोग असेल, पण तो नजरेत भरतो खरा.

‘गिधाडे’ : नात्यांची विस्मृती

‘गिधाडे’चा प्रयोग १९७० मध्ये श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली झाला. परिनिरीक्षण मंडळाशी झालेला त्याचा झगडा सर्वज्ञात आहे. माणिकच्या गर्भपातानंतरच्या प्रसंगात तिच्या साडीवरील रक्ताच्या लाल डागाला आक्षेप घेतला गेला, तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि हा निळा डाग लाल समजावा, अशी सूचना प्रेक्षकांना देण्यात आली. ही हकीकत बहुधा परिनिरीक्षणाची विसंगती दाखविण्यासाठी सांगितली जाते. तिच्यात आणखीही एक अर्थ दडलेला आहे. ज्या नाटकात रक्ताच्या नात्यांना काहीच अर्थ उरलेला नाही, त्या नाटकातून रक्ताचा रंग तेवढा काढून घेण्यात आला.

नाटकाचे कथानक तपशिलात सांगण्याचे कारण नाही. हरी पितळे म्हणजे पप्पा, त्यांचे मुलगे रमाकांत व उमाकांत, मुलगी माणिक आणि सून रमा असे हे घर. घराबाहेर गॅरेजमध्ये राहणारा रजनीनाथ हा पप्पांचा अनौरस मुलगा. पप्पांनी एकेकाळी आपला भाऊ सखाराम याला धंद्यातील वाट्यापासून फसवून दूर केले आहे. नाटकात हा सखाराम परत येतो, पैसे मागतो आणि पुतण्यांकडून हुसकावला जातो. पुढे हीच मुले पप्पांना दारू पाजून, धाकदपटशा करून त्यांनी लपविलेल्या पैशाचा माग काढतात. बापाने भावाशी जे केले तेच मुले बापाशी करतात.

येथे वाचकाला ‘पेरावे तसे उगवते’ या न्यायाची आठवण होणे स्वाभाविक आहे आणि अनेकदा पदव्युत्तर वर्गातही नाटकाचा अर्थ तेवढ्यावरच आटोपता घेतला जातो. परंतु तेंडुलकरांनी हा न्याय वापरला असला तरी त्यातले समाधान काढून घेतले आहे. कर्मफलाच्या कथेत फळ मिळाल्यावर शहाणपण येते, किमान पाहणाऱ्याला तरी हिशोब पूर्ण झाल्याचे वाटते. पप्पांवर वेळ आली म्हणून सखारामला न्याय मिळत नाही. तो स्वतःही भाऊ म्हणून नव्हे, तर वाटा मागणारा म्हणून आलेला आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो त्यामुळे निर्मळ ठरला, अशी सवलत नाटककार कोणालाच देत नाही.

या घरातील भाषा पाहण्यासारखी आहे. शिव्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. खरा मुद्दा मात्र शिव्यांचा नसून नातेवाचक शब्दांचा आहे. ‘पप्पा’, ‘भाऊ’, ‘काका’ हे शब्द या संवादांत सतत येतात, पण त्यांतून नात्याचा व्यवहार गळून गेलेला आहे. केवळ हाक मारण्याची खूण म्हणून ते उरले आहेत, जशी एखाद्या बंद पडलेल्या पेढीची पाटी दारावर राहून जाते. बापाच्या मृत्यूची वाट पाहिली जात आहे हे बापाला माहीत आहे, आणि त्याला ते माहीत आहे हे मुलांना माहीत आहे. लपविण्याचीही गरज कोणाला वाटत नाही. गीतेच्या साखळीतील स्मृतिभ्रंश तो हाच. या माणसांना घटना आठवतात, रकमा तर चोख आठवतात. आठवत नाही ते फक्त एकमेकांचे कोण लागतो हे.

माणिकच्या बाबतीत ही विस्मृती परिसीमा गाठते. होंडूरच्या राजाशी असलेल्या तिच्या संबंधाचा सुगावा लागताच भावांना त्यात दिसते ती खंडणीची संधी. बहिणीने घराबाहेर पडू नये म्हणून तिचा पाय मोडला जातो. राजा हृदयविकाराने मरतो आणि खंडणीची वाट बुजते, तेव्हा तिच्या पोटातील गर्भ हा निरुपयोगी माल ठरतो आणि तो लाथांनी नष्ट केला जातो. हा प्रसंग केवळ क्रूरतेचा नाही. बहीण ही प्रथम तारण होती, नंतर बुडीत खाते झाली. लोभाची भाषा माणसाला जिवंत वस्तू मानते आणि तिची किंमत शून्यावर आली की जिवंतपणही अमान्य करते. विशेष म्हणजे माणिक स्वतःही या व्यवहाराबाहेर नाही. पप्पांना पिळताना ती भावांच्या बरोबरीने आहे, आणि पुढे रमाच्या गर्भाविरुद्ध तीही उभी राहते. या घरात बळी आणि शिकारी हे केवळ पाळीपाळीने येणारे धंदे आहेत.

पण येथेच या नाटकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. शीर्षकापासूनच माणसांना पक्ष्याचे नाव देऊन तेंडुलकरांनी प्रेक्षकाला एक पळवाट मोकळी ठेवली आहे. ती गिधाडे आहेत, आपण नाही. पितळे कुटुंबाचा अतिरेक इतका संपूर्ण आहे की सातबारा उताऱ्यावरून भावाशी दहा वर्षे अबोला धरलेला सद्गृहस्थही हे नाटक पाहून निर्धास्तपणे घरी जाऊ शकतो. या बाबतीत ‘गिधाडे’ आपल्याला वाटते त्यापेक्षा ‘शारदा’ला अधिक जवळचे आहे. लोभ एका माणसाऐवजी एका घरात भरला आहे इतकेच. (प्रत्यक्ष गिधाड कोणाला मारत नाही, मेलेल्यावर जगते, हाही एक आक्षेप घेता येईल. पण तो पक्षिशास्त्राचा झाला.)

रजनीनाथाचे पात्र या मर्यादेला अधिक ठळक करते. घराबाहेर राहणारा, काव्यातून बोलणारा, रमेच्या यातनांचा साक्षी असणारा हा माणूस नाटकाचा विवेक म्हणून उभा केला आहे. परंतु त्याच्या निर्लोभतेची परीक्षा घेतली गेली आहे काय? त्याला वाटा नाही, हक्क नाही, घरात पाऊल नाही. ज्याच्यासमोर ताट वाढलेच नाही त्याच्या उपवासाला व्रत म्हणावे काय, हा प्रश्न नाटक विचारत नाही. रमा मात्र याला अपवाद आहे. तिला घरात स्थान आहे, सुनेचा मान असू शकला असता, आणि तिला हवे आहे ते फक्त एक मूल. नवऱ्याचा दोष झाकण्यासाठी तिलाच डॉक्टरांकडे आणि साधुबैराग्यांकडे नेले जाते. तिच्या या इच्छेलाही कोणी लोभ म्हणू शकेल, परंतु ती इच्छा काही जन्माला घालू पाहते, धरून ठेवू पाहत नाही. ‘गिधाडे’त लोभ आणि इच्छा यांतील हा भेद फक्त रमेच्या पात्रातून कळतो, आणि तिच्याच गर्भावर नाटकाचा शेवटचा आघात होतो.

‘वाडा चिरेबंदी’ : स्मृतीचा लोभ

‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजींचे निधन झाले आहे आणि मुंबईचा मुलगा सुधीर आपली पत्नी अंजली हिच्यासह दिवसांसाठी आला आहे. थोरला भास्कर, वहिनी, अविवाहित प्रभा, धाकटा चंदू, आई आणि ऐकण्यापाहण्यापलीकडे गेलेली दादी अशी ही माणसे. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. येथे कोणी कोणाचा पाय मोडत नाही. आवाज चढतात, पण ताटे वाढली जातात, आंथरुणे घातली जातात, वडीलधाऱ्यांचा मान राखला जातो. ‘गिधाडे’नंतर लगेच हे नाटक वाचले तर वाचकाला क्षणभर सुटल्यासारखे वाटते.

ही सुटका खरी नाही. या वाड्यातही मिळकतीचा प्रश्न आहे आणि तो प्रामुख्याने दागिन्यांच्या रूपाने उभा आहे. पूर्वजांकडून आलेले सोने भास्करच्या ताब्यात आहे. त्याचे काय व्हावे, याविषयी घरातील जवळजवळ प्रत्येकाच्या मनात काही ना काही आहे, आणि ते कोणी सरळ बोलत नाही. भास्करला तेरावे घराण्याला साजेसे व्हावयास हवे आहे, सारे गाव जेवले पाहिजे. सुधीरला तो खर्च वेडेपणाचा वाटतो. वरवर पाहता हा परंपरा आणि व्यवहार यांचा वाद आहे. परंतु भास्करचा औदार्याचा आग्रह आणि सोन्यावरील त्याची पकड या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वादाचा रंग बदलतो. गाव जेवू घालणे आणि भावंडांपासून पेटी राखणे या दोहोंमागे देशपांडे असण्याचा एकच अट्टहास आहे. सुधीरचा विवेकही निखळ नाही. मुंबईच्या संसाराची ओढाताण त्याच्या हिशोबात आहे, आणि अंजली ती त्याला विसरू देत नाही. येथे एलकुंचवारांची न्यायबुद्धी दिसते. अंजलीला त्यांनी खलनायिका केलेले नाही. जिला या वाड्याने कधी आपली मानले नाही, तिने वाड्यावर हक्क सांगताना संकोच का करावा, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो.

या लोभाला एक इतिहास आहे. विदर्भासाठी १९५८ मध्ये झालेला कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा यांनी मोठ्या जमीनदारीचा पाया काढून घेतला. हे कायदे न्याय्य होते यात शंका नाही. देशपांड्यांसारख्या घराण्यांना मात्र जमिनीबरोबर आपण कोण हे सांगण्याचे साधनही गमावल्यासारखे झाले. जमीन गेल्यावर उरले ते वाडा आणि सोने. त्यामुळे या सोन्याचे मोल बाजारभावात सांगता येत नाही, आणि म्हणूनच त्याची वाटणीही करता येत नाही.

नाटकातील रात्रीचा तो प्रसंग येथे केंद्रस्थानी येतो. भास्कर दागिन्यांची पेटी उघडतो आणि वहिनी एकेक दागिना अंगावर घालते. मराठी रंगभूमीवरील लोभाचे इतके सुंदर दृश्य दुसरे क्वचितच असेल, आणि ‘सुंदर’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. दिवसभर राबून थकलेली ही बाई त्या सोन्याने उजळून निघते. या वाड्यात पूर्वी नांदून गेलेल्या स्त्रिया जणू तिच्या ठायी एकवटतात. तिच्या चेहऱ्यावर हाव नाही, जवळजवळ भक्तिभाव आहे. नवरा-बायकोमध्ये त्या घटकेला जे मार्दव येते ते खोटे नाही. आणि तरीही हे सर्व दार लावून, भावंडे झोपल्यावर चालले आहे. बाहेर अविवाहित नणंद आहे, जखमी पायाचा दीर आहे, नवऱ्याच्या निधनाने एकटी पडलेली सासू आहे. पूर्वजांची ही आठवण जिवंतांपासून लपवून जपली जात आहे.

परंपरागत मीमांसेच्या पुढे नाटक जाते ते या ठिकाणी. गीतेच्या साखळीत आसक्तीची परिणती स्मृतिभ्रंशात होते. पितळ्यांच्या घरात ते तंतोतंत खरे ठरते. देशपांड्यांच्या वाड्यात मात्र स्मृती नष्ट झालेली नाही, उलट ती ओसंडून वाहते आहे. कोण कोणाचा कोण, कोणी कोणापुढे कसे बसावे, कोणाचा मान कुठे, हे सारे येथे सर्वांना पाठ आहे. लोभाने स्मृतीलाच आपले वस्त्र केले आहे. भास्कर आपण लोभी आहोत असे क्षणभरही मानणार नाही. तो घराणे राखतो आहे. वहिनी काही हिरावून घेत नाही. ती वारसा जपते आहे. या माणसांना आपल्या दोषाची जाणीव व्हावयास कोठेही फट नाही, कारण त्यांचा दोष त्यांच्या सद्गुणांच्या आतच राहतो. पश्चात्तापासाठी आपण काही चुकीचे केले असे निदान अंधुक तरी वाटावे लागते. रमाकांत दारूच्या नशेत का होईना, आपण काय आहोत ते जाणतो. भास्करला ते जाणण्याचा मार्गच नाही. नैतिक दृष्टीने पाहता रमाकांत अधिक वाईट आहे, याविषयी दुमत नसावे. आध्यात्मिक दृष्टीने अधिक धोक्यात कोण आहे, याचे उत्तर इतके सोपे नाही.

पुढे रंजू, म्हणजे भास्करची मुलगी, शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते आणि दागिने तिच्याबरोबर जातात. मुलगी परत येते, सोने येत नाही. ही घटना काही समीक्षकांना नाट्यपूर्ण योगायोग वाटू शकते. पण तिच्यात एक कठोर संगती आहे. वाड्याच्या भूतकाळाची राखण करण्यात गुंतलेल्या आईबापांना घरातील तरुण मुलीच्या मनात काय चालले आहे ते दिसले नाही. सिनेमाच्या स्वप्नांत रमलेल्या रंजूला त्या दागिन्यांत आज्या-पणज्या दिसत नाहीत, तिला गाडीचे तिकीट दिसते. पूर्वजांच्या आठवणीने मंतरलेले सोने स्मृतीचा भार नसलेल्या पोरीच्या हाती पडताच पुन्हा नुसते सोने होते. प्रतिष्ठेच्या भयाने वाड्याला त्यावर धड आक्रोशही करता येत नाही. ज्या नावासाठी सोने राखले, त्याच नावासाठी ते गेल्याचे लपवावे लागते.

स्त्रिया आणि मिळकत

दोन्ही नाटकांतील लोभाचा विचार करताना मिळकतीवर अधिकार कोणाचा होता, हे नजरेआड करता येणार नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा मिळाला, तरी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क असलेली सहदायाद ती नव्हती. महाराष्ट्रात हा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने आला. माणिक आणि प्रभा या दोघी त्यापूर्वीच्या. माणिक हिसकावून घ्यावयास शिकली. प्रभेला शिकावयाचे होते, ते होऊ दिले गेले नाही, आणि ती पुस्तकांत आणि कडवटपणात वाळत गेली. तिच्या कडवट बोलण्याला हाव म्हणणे अन्यायाचे होईल. जे मागण्याचा अधिकारच नाकारला गेला ते मागणे आणि जे आहे ते इतरांना न देणे, यांत फरक करणारी दृष्टी नसेल तर लोभाचा उपदेश हा नेहमी नसलेल्यांनाच केला जातो. आपल्या समाजात निर्लोभतेची शिकवण मुलींना जितक्या तत्परतेने दिली गेली, तितकी मुलग्यांना दिली गेल्याचे दिसत नाही. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याचा प्रघात कायदा बदलल्यानंतरही संपलेला नाही, आणि त्या सह्या घेताना मायेचीच भाषा वापरली जाते. भास्करची भाषा ती हीच.

वहिनीचा प्रसंग या प्रकाशात पुन्हा पाहावा लागतो. तिच्या नावावर वाडा नाही, शेत नाही. दागिने हीच या व्यवस्थेने स्त्रीला दिलेली एकमेव दृश्य ओळख आहे. त्या रात्री ती जे अंगावर घालते त्यात लोभ किती आणि उपेक्षा किती, याची विभागणी एलकुंचवार करीत नाहीत. ती न करणे हे त्यांचे नाटककार म्हणून मोठेपण आहे. समीक्षकाला मात्र इतके म्हणावे लागते की, सोने गेल्यावर वहिनी जशी कोसळते तसे इतर कोणी कोसळत नाही.

चंदू

रजनीनाथाविषयी जो प्रश्न उपस्थित केला, त्याचे उत्तर ‘वाडा चिरेबंदी’त चंदूच्या रूपाने सापडते. वाड्यातील सर्व कष्टाची कामे चंदू करतो. दादीला उचलणे, तिचे सारे करणे हेही त्याच्याकडेच. सोन्याच्या गोष्टी चालतात तेव्हा त्याचे नाव त्यात नसते, आणि तो ते घालूनही घेत नाही. एखाद्या आदर्शवादी नाटकात चंदू हा संत झाला असता. एलकुंचवारांनी तसे केलेले नाही. त्यांच्या चंदूला काव्य नाही, भाष्य नाही, रजनीनाथासारखी साक्षीची उंचीही नाही. त्याचे काही न मागणे हे वैराग्य आहे की लहानपणापासून कोणी विचारलेच नाही म्हणून पडलेली सवय आहे, हे नाटक सांगत नाही. वाड्याच्या दृष्टीने ते सोयीचे आहे इतके मात्र स्वच्छ दिसते. लोभी माणसांच्या घरात एका निर्लोभ माणसाची गरज असते, आणि त्याच्या निर्लोभतेचे कौतुक करणे हे त्याला वाटा देण्यापेक्षा स्वस्त पडते.

त्याच्या पायाला झालेली जखम अंगणातल्या त्या गंजलेल्या ट्रॅक्टरची आहे. कोणे एके काळी प्रगतीच्या हौसेने घेतलेले, आता चालत नाही आणि विकवतही नाही असे ते यंत्र अंधारात सर्वांच्या वाटेत उभे आहे. जाताना येताना प्रत्येकाला ते लागते. सोन्याविषयी, तेराव्याविषयी, घराण्याच्या नावाविषयी वाड्यात रात्र-रात्र बोलणी होतात. चंदूचा पाय चिघळत असतो, आणि तो लंगडत लंगडत दादीला आत घेऊन जातो.